घंटागाडीसाठी भांडण्यापेक्षा नगरपालिकेकडे कचऱ्याचा आराखडा मागा: कसा मागायचा, काय वाचायचं आणि पुढे कुठे जायचं

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी घंटागाडीचा विषय निघतोच. गाडी तीन दिवस आली नाही, मुकादम फोन उचलत नाही, कोपऱ्यावर ढीग साचलाय, कोणीतरी फोटो टाकतं, नगरसेवकाला टॅग करतं, दुसऱ्या दिवशी गाडी येते आणि पुढचा ढीग होईपर्यंत विषय बंद. मीपण पाच-सहा वर्षं हेच केलं. मग एकदा एक रिटायर्ड स्वच्छता निरीक्षक टपरीवर चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुम्ही लोक गाडी मागता, आम्ही गाडी पाठवतो. आराखडा कोणी मागितला तर मात्र ऑफिसात पळापळ होते."

तर हा लेख त्या पळापळीबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या नगरपरिषद, नगरपंचायत किंवा महापालिका हद्दीत राहणाऱ्यांना धरून लिहितोय, ग्रामपंचायतीचं थोडं शेवटाकडे आहे.

आधी कायदा, थोडक्यात

कचरा उचलणं ही पालिकेची मेहेरबानी नाही हे एकदा डोक्यात पक्कं करा. नगरपरिषदांसाठी 1965 चा अधिनियम आहे, त्याच्या कलम 49 मध्ये सफाई हे बंधनकारक काम आहे, म्हणजे जमलं तर करू असं नाही. महापालिकांसाठी 1949 चा अधिनियम, कलम 63. मुंबईचा स्वतःचा 1888 चा कायदा, कलम 61. शिवाय 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली तिच्यात घनकचरा व्यवस्थापन असं नाव घेऊनच लिहिलंय.

याच्यावर केंद्राचे नियम. पहिले 2000 साली आले, अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सुप्रीम कोर्टात केलेल्या याचिकेच्या रेट्यामुळे. मग 8 एप्रिल 2016 ला घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 आले, ते दहा वर्षं चालले. आता त्यांच्या जागी 2026 चे नियम आलेत, 1 एप्रिल 2026 पासून लागू. नव्या नियमात घरातच चार भाग करायचेत: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, मुदत संपलेली औषधं वगैरे.

एक गोष्ट लक्षात ठेवा नाहीतर अर्ज फसतो. जुन्या वर्षांचा हिशोब मागताना 2016 च्या नियमांचा हवाला द्यायचा, पुढचं नियोजन विचारताना 2026 चा. "नियम बदलले, आता ते जुनं लागू नाही" असं उत्तर काउंटरवर मिळू शकतं, पण 2017 ते 2025 मध्ये जे करायला हवं होतं त्याचे कागद असायलाच हवेत, नियम बदलला म्हणून जुनी फाईल जाळत नाहीत.

पायरी 1: काय मागायचं ते आधी ठरवा

"कचऱ्याबाबत सर्व माहिती द्यावी" असा अर्ज केला की उत्तर येणार "माहिती मोघम आहे" किंवा अडीच हजार पानांचं झेरॉक्सचं बिल. नेमके कागद मागा. 2016 च्या नियम 15 मध्ये स्थानिक संस्थेची कामं इंग्रजी अक्षरांनी क्रम लावून लिहिली आहेत, यादी एवढी लांब आहे की एबीसीडी संपून परत झेडपासून जोडअक्षरं सुरू होतात. त्यातले माझ्या मते कामाचे कागद हे:

- घनकचरा व्यवस्थापन आराखडा. राज्याचं धोरण आल्यापासून सहा महिन्यांत करायचा होता. सोबत तो मंजूर केल्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव.
- उपविधी, म्हणजे पालिकेचे स्वतःचे कचऱ्याचे नियम. एका वर्षात करायचे होते. युजर फी आणि जागेवरचा दंड यातूनच येतो, त्यामुळे उपविधी नसताना फी घेतली जात असेल तर तो वेगळाच विषय निघतो.
- नमुना 4 मधला वार्षिक अहवाल, दरवर्षी 30 जूनपर्यंत पाठवायचा.
- ठेकेदारासोबतचा करारनामा आणि मागच्या तीन महिन्यांची बिलं, वजनकाट्याच्या पावत्यांसकट.
- दिवसाला 5 टनांपेक्षा जास्त कचऱ्याचा प्रकल्प असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र.
- जुन्या ढिगाचा सर्व्हे आणि बायोमायनिंगचा, म्हणजे ढीग उकरून, चाळून, वेगळा करून हटवण्याचा कार्यादेश.

महापालिका असेल तर अजून एक, पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. हा दरवर्षी 31 जुलैपर्यंत सभागृहापुढे यायचा असतो आणि बऱ्याचदा वेबसाइटवर पडलेला असतो, अर्जसुद्धा लागत नाही.

पायरी 2: माहिती अधिकाराचा अर्ज

जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प किंवा ऑनलाइन. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, लोक तिथेच अडकतात. म्हणून वरची यादी तीन अर्जांत तोडा: एक आराखडा, उपविधी आणि ठराव, दुसरा वार्षिक अहवाल आणि प्राधिकारपत्र, तिसरा करारनामा, बिलं, काटा पावत्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', 20 रुपये. पहिलं अपील टाळू नका, माझा अनुभव असा की निम्मे कागद अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी अचानक सापडतात.

फार कमी लोक वापरतात अशी एक सोय सांगतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे तिच्यात फक्त कागद नाहीत, कामाची पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणंही आहे. म्हणजे तुम्ही लिहू शकता की "खत प्रकल्पाच्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे व तयार खताचा प्रमाणित नमुना हवा आहे".

मी हे केलं होतं. गावाचं आणि पालिकेचं नाव इथे घेत नाही. अहवालात रोज चार टन ओल्या कचऱ्याचं खत होतं असं लिहिलेलं. पाहणीला गेलो तर बारा खतखड्डे एका ओळीत, सात खड्ड्यांत एरंड उगवलेला, छातीएवढा. एका खड्ड्यात कुत्री व्यालेली. सोबत आलेला क्लार्क बिचारा माझ्याकडे न बघता एरंडाकडे बघत होता. नमुना म्हणून जे खत दिलं ते नर्सरीतल्या छापील पिशवीत होतं, पिशवीवर दुसऱ्याच तालुक्याचा पत्ता. मी काही बोललो नाही, पाहणीचा पंचनामा करून घेतला, त्यावर दोघांच्या सह्या, आणि तो एक कागद नंतर सगळ्या अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

पायरी 3: कागद आले, आता चार आकडे काढा

दोनशे पानं बघून घाबरू नका. वार्षिक अहवालातून चारच आकडे वहीत लिहा: रोज तयार होणारा कचरा, गोळा होणारा, प्रक्रिया होणारा आणि डेपोत जाणारा.

पहिला आकडा तुम्ही स्वतः तपासू शकता. नियोजनात साधारण असं धरतात की छोट्या शहरात माणशी दिवसाला 200 ते 300 ग्रॅम, मध्यम शहरात 300 ते 400, मोठ्या शहरात 400 ते 600. समजा गाव 60,000 वस्तीचं आहे, 300 ग्रॅमने 18 टन होतात. अहवालात 27 टन असतील तर विचारा कुठून आले. यात्रेचं किंवा पर्यटनाचं गाव असेल तर उत्तर असू शकतं, नाहीतर बिलात असतं.

मग बघा की चारही आकडे एकमेकांशी बोलतात का. 18 तयार, 18 गोळा, 18 वर प्रक्रिया, डेपोत शून्य असा अहवाल असेल आणि डेपो मात्र दर पावसाळ्यात वाढतोय, तर तो अहवाल टेबलावर बसून भरलाय. खऱ्या अहवालात आकडे असे गोल नसतात, गळती दिसते, आणि गळती दाखवणारी पालिका मला तरी जास्त भरवशाची वाटते.

काटा पावत्या तर निवांत बसून वाचायच्या वस्तू आहेत. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ. छोट्या हत्तीसारख्या गाडीची क्षमताच पाऊण टनाच्या आसपास, आणि मला मिळालेल्या पावतीत अशाच गाडीत सुका कचरा 1,480 किलो होता, तोही सकाळी 7:10 ला आणि परत 7:25 ला, तोच नंबर. मधल्या पंधरा मिनिटांत गाडी रिकामी करून वॉर्ड फिरून आली म्हणायची.

पायरी 4: आराखड्यात कचरा कमी करण्याबद्दल काय आहे ते शोधा

हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्यावरच कोणी बोलत नाही. बहुतेक आराखडे म्हणजे गाड्यांची आणि मशिनरीची यादी: एवढे टिपर, एवढे कॉम्पॅक्टर, एक श्रेडर, शेड. कचरा मुळात कमी कसा होईल यावर अर्धं पान, त्यात पथनाट्य, भिंती रंगवणे, रॅली.

2016 च्या नियमांत राज्याच्या धोरणाला सांगितलेलं होतं की कचरा कमी करणं, पुनर्वापर, रिसायकलिंग यावर भर द्या म्हणजे डेपोत कमीत कमी जाईल, आणि पालिकेचा आराखडा त्या धोरणाला धरूनच करायचा होता. म्हणजे कमी करणं हा आराखड्याचा भाग आहे, रॅलीचा नाही. भाजी, फळं, मासळी आणि मटण मार्केटचा कचरा रोज वेगळा उचलून शक्यतो जवळच जिरवायचा, बागांचा पालापाचोळा बागेतच, कचरावेचकांना ओळखपत्र देऊन व्यवस्थेत घ्यायचं, सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण केंद्र काढायचं, हे सगळं पालिकेचं लिखित काम. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेसोबत दारोदार कचरा घेते, म्हणजे हे कागदावरचं स्वप्न नाही.

आता खरी गोम. करारनामा काढा आणि ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात ते बघा. प्रतिटन असतील तर विषय संपला, कारण कचरा कमी झाला की त्याचं बिल कमी होतं. तुम्ही घरी खत करा, सोसायटीने बायोगॅस लावा, त्याला तोटाच. मग गाडीत माती, राडारोडा, नाल्याचा गाळ भरला जातो कारण जड आहे, आणि ओला-सुका वेगळा दिला तरी गाडीत एकत्र होतो कारण वेगळ्याचे वेगळे पैसे नाहीत. लोक याला चोरी म्हणतात, मी म्हणतो करारच तसा लिहिलाय. म्हणून पुढचं टेंडर निघायच्या आधी लेखी मागणी द्या: बिल घरांच्या संख्येवर किंवा वेगळ्या केलेल्या कचऱ्याच्या टक्क्यावर असावं, मिश्र कचऱ्याच्या टनावर नको. नव्या नियमांनीपण याच बाजूने ढकललंय, वेगळा न केलेला कचरा लँडफिलला पाठवला तर पालिकेलाच जास्त शुल्क.

दुसरं म्हणजे मोठे कचरा करणारे. 2026 च्या नियमांत 20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा दिवसाला 40,000 लिटर पाणी, किंवा दिवसाला 100 किलो कचरा, यातलं एक जरी असलं तरी ती संस्था मोठी कचरा उत्पादक. तुमच्या गावातली मंगल कार्यालयं, हॉस्टेलं, मोठी हॉटेलं, टाऊनशिप यात येतील. पालिकेकडे त्यांची यादी मागा. यादी नाही असं उत्तर आलं तर तेही चांगलं, लेखी घ्या. लग्नसराईत एका कार्यालयाचा एका दिवसाचा कचरा आमच्या अख्ख्या गल्लीच्या आठवड्याएवढा असतो, आणि आम्हाला पत्रकं वाटतात.

घरपट्टीत सूटही मागा. पुण्यात गांडूळखत, सोलर, पाऊसपाणी यातल्या एकासाठी 5 टक्के आणि दोनसाठी 10 टक्के सूट आहे. छोट्या पालिकेला ठराव करायला काय अडचण आहे ते मला कळलेलं नाही.

पायरी 5: बजेट

2016 च्या नियम 15 मधलं माझं आवडतं कलम. पालिकेने वार्षिक बजेटमध्ये कचऱ्यासाठी पुरेशी तरतूद करायची, आणि ऐच्छिक कामांना पैसे द्यायचे ते कचरा आणि बाकीच्या बंधनकारक कामांचे पैसे बाजूला काढल्यावरच. म्हणजे स्वागत कमानी, महोत्सव, चौक सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट हे सगळं नंतर. बजेटचं पुस्तक घ्या, दोन रंगांची पेनं घ्या, खुणा करा. आमच्याकडे एका वर्षी दोन कमानींची तरतूद वर्गीकरण केंद्राच्या शेडपेक्षा जास्त निघाली होती. शेडला "निधीअभावी प्रलंबित" असा शेरा.

सूचना द्यायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत द्या, फेब्रुवारीत पुस्तक छापून होतं. मधली काही वर्षं सगळीकडे प्रशासक होते, आता निवडणुका होऊन नगरसेवक आलेत, म्हणजे सभेत प्रश्न विचारणारं कोणीतरी आहे, तुमचा पंचनामा आणि चार आकडे त्यांच्या हातात द्या. विरोधी बाकावरच्याला आधी द्या, तो नक्की वाचतो.

पायरी 6: जुना ढीग

2016 च्या नियमांनी जुन्या डेपोंच्या बायोमायनिंगला किंवा कॅपिंगला, म्हणजे ढीग झाकून कायमचा बंद करायला, पाच वर्षं दिली होती, ती एप्रिल 2021 ला संपली. नव्या नियमांतही सगळ्या जुन्या ढिगांची मोजणी, वेळेचं बंधन आणि दर तिमाहीला पोर्टलवर माहिती आहे. विचारायचं एवढंच की किती घनमीटर होता, किती काढला, त्यातून निघालेला आरडीएफ, म्हणजे जळणारं प्लास्टिक-चिंध्या वगैरे, कुठे गेला आणि माती कुठे टाकली. आरडीएफची डिलिव्हरी चलनं नसतील तर ढीग चाळलेला नाही, सरकवलाय.

आराखडा नसला की काय होतं ते औरंगाबादने, आताच्या छत्रपती संभाजीनगरने, 2018 मध्ये भोगलं. नारेगावला तीस वर्षांहून जास्त काळ कचरा पडत होता, फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, हायकोर्टाच्या खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली, आणि महापालिकेकडे दुसरी जागा तयार नव्हती, वर्गीकरण नव्हतं, प्रक्रिया नव्हती. गाड्या जागा शोधत फिरायला लागल्या, मिटमिट्याला मार्चमध्ये दगडफेक आणि पोलिसांचा लाठीमार झाला, पोलिस आयुक्तांना रजेवर पाठवावं लागलं, शहरात रस्त्यांवर ढीग. त्या कचऱ्यात नवीन काही नव्हतं, रोजचाच होता, फक्त टाकायची जागा गेली होती.

उलट बाजूला वेंगुर्ला. छोटी नगरपरिषद, मुख्याधिकारी रामदास कोकरे असताना तिथे घरापासूनच वेगळा कचरा घ्यायला सुरुवात झाली आणि डेपोचं चक्क स्वच्छ भारत पर्यटनस्थळ झालं, बाकीच्या पालिका अभ्यासदौरे काढून बघायला जायच्या. किती जणांनी परत येऊन काही केलं ते वेगळं.

पायरी 7: पालिका ढिम्म बसली तर

पहिल्यांदा जिल्हाधिकारी. 2016 च्या नियम 12 प्रमाणे वर्गीकरण, प्रक्रिया, विल्हेवाट यांचा तिमाहीतून किमान एकदा आढावा घेणं आणि कचऱ्यासाठी जागा मिळवून द्यायला मदत करणं हे त्यांचं काम होतं. त्यांच्याकडे माहिती अधिकारात मागच्या चार तिमाही बैठकांची इतिवृत्तं मागा. बैठका झाल्याच नसतील तर पुढच्या महिन्यात होते, आणि तुमच्या गावाचं नाव अजेंड्यावर असतं.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. इथे भावना नकोत, फोटो तारखेसकट, पंचनामा, चार आकडे, प्राधिकारपत्राची मुदत कधी संपली ते. डेपोची जागा नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून, हायवेपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब हवी होती असं 2016 च्या नियमांच्या अनुसूचीत आहे, तेवढं मोबाइलच्या नकाशावर मोजून जोडा.

शेवटी राष्ट्रीय हरित लवाद, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. वाद सुरू झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे अर्ज-अपील खेळत बसताना तारखेवर लक्ष ठेवा. स्वतः बाजू मांडता येते, वकील हवाच असं नाही, पण मी म्हणेन घ्या. लवादाने सप्टेंबर 2022 मध्ये घनकचरा आणि सांडपाण्यावरून महाराष्ट्र सरकारला 12,000 कोटींची पर्यावरण भरपाई भरायला सांगितली होती, हा आकडा पत्रात एकदा टाकून ठेवला की वाचणारा जरा सरळ बसतो.

ग्रामपंचायतवाल्यांसाठी

2016 चे घनकचरा नियम साध्या खेड्यांना थेट लागू नव्हते, पण त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांत ग्रामपंचायतीवर वेगळी जबाबदारी आहे. तुमचं हत्यार ग्रामसभा. विकास आराखड्यात कचऱ्याचं काम लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात घ्या, महिनाभराने ठरावातले शब्द बदललेले मी बघितलेत. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये आणि त्याहून मोठ्याला 45 रुपयांपर्यंत होते, ते आले का आणि कशाला लागले ते सरपंचांना सगळ्यांसमोर विचारा.

आमच्या गावाचं काय झालं विचाराल तर एरंड कापला, चार खड्डे चालू झाले, आठ अजून तसेच आहेत. काटा मात्र कॉम्प्युटरचा झाला, पावतीवर आता गाडीचा फोटो येतो, आणि पहिल्याच महिन्यात गावाचा कचरा 27 टनांवरून 19 वर आला.